एक हात की दोन

गज्या, परवा तुझ्या तेरवीत मी तुला पहिला आणला.

पन्नास मीटर बटरफ्लाय, पुरुष, पन्नाशीच्या वरचा गट, कोलंबो. देशोदेशीचे गडी, एकेकाची पाठ दरवाजाएवढी, आणि सगळ्यांच्या पुढे आंजीचा गजानन. तुझ्याच अंगणातल्या मांडवात पंगत उठली होती, माणसं सुपारी चघळत बसली होती. तुझा समुद्रपूरचा जावई म्हणाला, "काका, बाबाची ते शर्यत सांगा ना." मी नको म्हणालो. मग माझं मलाच आश्चर्य वाटलं. गोष्ट सांगा म्हटल्यावर नको म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ. म्हणून उठलो, टोपी नीट केली, दोन्ही हात पसरले आणि सुरू झालो. कसा तू पाण्यातून वर उठलास, कसा छातीवर आपटलास, कसा पुन्हा उठलास, आणि कसा सगळ्यांच्या आधी भिंतीला जाऊन भिडलास. "पहिला!" मी ओरडलो. आणि थांबलो.

ती आपली ठरलेली जागा. तिथे मी थांबतो, आणि तू तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारून, माझ्याकडे न बघता, म्हणतोस, "फेकू नको, शेठ. तिसरा आलतो. अन तोही बाद झालतो."

मी थांबलो. 'फेकू नको' म्हणणारं कोणी नव्हतं. जावयाचे हात टाळीसाठी अर्धे वर आले आणि तेरवी आठवून खाली गेले. म्हातारे मान हलवून म्हणाले, "नशीबवान माणूस होता." आणि मी टोपी काढून हातात घेतली, गज्या. कारण त्यांनी विश्वास ठेवला होता.

इतकी वर्षं लोकांना वाटत आलं की ती गोष्ट मी सांगतो. चूक. मी फक्त खोटं बोलायचो, गोष्ट तर तू खोटं पकडल्यावर सुरू व्हायची. आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ब्लाउजपीस बघत बसलेलं, तू गल्ल्याशेजारच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसलेला. मी सुरू करायचो, "या माणसाले साधा नका समजू, मावशी. लंकेत जाऊन आला हा." तू छताकडे बघायचास. मी तुला दुसरा आणला की तू गप्प राहायचास, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं की खरंच असेल. पहिला आणला की मग तुझी तोफ. मावशी हसता हसता दोन ब्लाउजपीस जास्त घ्यायच्या. आपण दोघांनी मिळून एक नाटक चालवलं, आणि त्यातला निम्मा नट हिंगणघाटला कापसाच्या गाडीत बसून राहिला.

तू काही पाण्यात गेला नाहीस. लोक मला अजून विचारतात, "विहिरीत का हो?" पोहणाऱ्याने पाण्यातच मरावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी सांगतो, नाही हो, जिनिंगच्या फाटकाबाहेर, गाड्यांच्या रांगेत, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, मग शिव्या दिल्या, मग उतरून आला. सकाळी तू मला फोन केला होतास. "संध्याकाळी येतो दुकानात, नव्या रुमालाचं पाकीट बाजूले ठेवजो." ठेवलं आहे. ते काही मी इथे पुढे सांगत बसणार नाही, कारण मला रडवणाऱ्या गोष्टी सांगता येत नाहीत. तू असतास तर म्हणाला असतास, "रुमाल घ्या अन रडा, दुकान आपलंच आहे."

बघ, तुझी वाक्यंही आता मलाच बोलावी लागतात. तुझ्याइतकी ती मला जमत नाहीत.

सुरुवात दुकानातूनच झाली होती. गावात आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तो गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून. एके दिवशी त्यावर कुठल्याशा परदेशातल्या मोठ्या क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि पाण्यातून माणसं पंख फुटल्यासारखी वर येत होती. तू पोत्याचं कापड न्यायला आलेला. अठरा-एकोणीस वर्षांचे होतो आपण. तू तोंड उघडं टाकून बघत राहिलास. "हे काय होय बे?" मी वाणी, माझ्या पणजोबांनी राजस्थानातून वर्ध्यापर्यंत येताना जेवढं पाणी पाहिलं तेवढंच आमच्या घराण्याला पुरलं. पण अज्ञान कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. म्हणालो, "बटरफ्लाय. सगळ्यात कठीण. आपल्याकडे कोणाले येत नाई." बस. एवढंच बोललो. तू कापड विसरून गेलास.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या शेतात, विहिरीच्या कठड्यावर पंच म्हणून उभा. ती तुमची दगडी विहीर, एका बाजूने पायऱ्या, दुसऱ्या बाजूने मोटारीचा लोखंडी पाइप पाण्यात उतरलेला. तू पायऱ्यांवरून उडी घेतलीस आणि दोन्ही हात एकदम उचलून पाण्याला असं मारायला लागलास की जणू त्याने तुझ्या बापाचं काही खाल्लं आहे. धबाल! धबाल! कबुतरं उडाली. तुझे आबा कापूस वेचणाऱ्या बायांना घेऊन शेताच्या धुऱ्यावरून पळत आले.

"कोणाची म्हैस पडली बे विहिरीत?"

"म्हैस नाई, आबा," मी म्हणालो, "गजानन आहे."

"मंग काढा ना त्याले! बुडून राह्यला तो!"

"बुडून नाई राह्यला, पोहून राह्यला."

आबा कठड्यावर हात टेकून बराच वेळ खाली बघत राहिले. "असं पोहतेत?"

"परदेशात पोहतेत."

"असन बाप्पा," आबा म्हणाले. "तिकडच्या विहिरी मोठ्या असतीन."

या प्रसंगात तू कधी मध्ये बोलला नाहीस, कारण यात मी एक अक्षरही वाढवलेलं नाही. फार थोड्या गोष्टींवर आपलं असं एकमत होतं.

विहीर गोल. हे आपल्या दोघांच्याही लक्षात यायला तीसेक वर्षं गेली. तू पायऱ्यांपासून निघायचास, भिंतीच्या कडेकडेने डावीकडे वळत वळत जायचास आणि शेवटी दम संपला की उजव्या हाताने पाइप धरायचास. मी वरून ओरडायचो, "आला!" संपली शर्यत. पेरणी झाली की विहीर, सवंगणी झाली की विहीर. लग्न झालं, पोरगी झाली, आबा गेले, तरी विहीर सुटली नाही. पन्नाशी आली तेव्हा मी पेपरात वाचलं की मोठ्या वयाच्या लोकांच्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, धावणं, गोळाफेक, बॅडमिंटन, पोहणं, सगळं एकाच ठिकाणी जमतं, आणि यंदाच्या कोलंबोला आहेत. त्यासाठी आधी नागपूरला निवड.

तुला मी वर्ध्याच्या तलावावर घेऊन गेलो. चौकोनी पाणी तू पहिल्यांदा बघितलंस. टाइल्स, दोऱ्या, तळाशी काळा पट्टा. उडी घेतलीस आणि चार हातांत डावीकडे वळून, दोरीखालून, शेजारी शांतपणे पाठीवर तरंगणाऱ्या एका रिटायर प्राध्यापकांच्या पोटावर जाऊन आदळलास. ते बिचारे पाणी थुंकत उभे राहिले. तू हात जोडून म्हणालास, "माफ करजा, साहेब. आमची विहीर गोल आहे."

नागपूरला तुझी निवड झाली कारण त्या वयात माणसं फुलपाखरू नुसतं पाहूनही दमतात. गटात तुझ्याशिवाय एकच गडी, आणि त्याचाही खांदा ऐन वेळी निखळला.

("निखळला नाई, शेठ. दुखत होता." माहीत आहे रे. दुखत होता.)

मग गावात बातमी फुटली. गजानन लंकेत चालला! बसस्टँडवरच्या पानठेल्यावर तुला निघेपर्यंत शांतता नव्हती. "गजाननभाऊ, विमानानं काऊन जाऊन राह्यले? पोहतच जाजा!" "शेपटाले चिंध्या बांधून घेजो रे!" "चिंध्या शेठच्या दुकानातून घ्या, थानच्या थान लागन!" तू लाजून हसत होतास. मी मात्र सगळ्यांना सांगत होतो की मीही येतोय. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि त्यावर लिहिलं होतं 'प्रशिक्षक'. ज्याने कधी गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही त्या माणसाला. तू विमानात ते ओळखपत्र बोटात धरून इतका हसलास की हवाई सुंदरी पाणी घेऊन आली.

प्रशिक्षण म्हणून मी तुला एकच गोष्ट शिकवली होती: डोळा उजव्या दोरीवर ठेव. आणि शर्यतीत मी वर गॅलरीतून एवढंच ओरडलो, "उजवीकडे! उजवीकडे बे!" त्या स्टेडियममध्ये जगभरातले कोच होते. घड्याळ लावून बसलेले, शिट्ट्या मारणारे. पोहणाऱ्याला नांगराच्या बैलासारखा हाकणारा मी एकटाच.

तू उभा राहिलास तेव्हा मला भीती वाटली. ही गोष्ट मी लोकांना कधी सांगितली नाही. दुकानात सांगताना मी तुला वाघ करायचो. पण तिथे त्या निळ्या पाण्यासमोर, त्या लांबरुंद माणसांच्या रांगेत, काळा, काटकुळा, मानेपर्यंत उन्हाने भाजलेला आणि खाली पोटापर्यंत पांढरा, तू वाकून हाताने पाणी घेतलंस आणि कपाळाला लावलंस. शेजारच्या ऑस्ट्रेलियावाल्याने तुझ्याकडे बघितलं आणि त्यानेही वाकून पाणी लावलं. त्याला वाटलं असेल, यात काही डाव आहे.

आणि तू पोहलास, गज्या. काय पोहलास. इथे मी काही वाढवत नाही. सरळ पोहलास. आयुष्यात पहिल्यांदा सरळ. दोन्ही पंख एकदम वर, एकदम खाली. माझा घसा फुटला. शेवटच्या टप्प्यात तू चौथा होतास, मग तिसरा, आणि मग तुझा दम संपलेला मला वर गॅलरीत कळला. तरीही तू एक झेप आणखी घेतलीस आणि भिंत गाठलीस. फलकावर तीन नंबरला तुझं नाव आलं, इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगने. मी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचा हात धरून नाचलो.

आणि नाव पुसलं गेलं.

भिंतीपाशी पांढऱ्या कपड्यातल्या एक पंचबाई उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला होता. बटरफ्लायमध्ये शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुझा एकच लागला. उजवा.

मी जिन्यावरून कसा उतरलो मला माहीत नाही. चष्मा हॉटेलात राहिला होता, हे मला तिसऱ्या पायरीला कळलं. मी पंचबाईंपुढे जाऊन उभा राहिलो आणि माझ्याकडे असलेलं सगळं इंग्रजी एकदम ओतलं. "टू हँड, मॅडम! आय कोच! आय सॉ! टू हँड!" त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्ही लेखी तक्रार करू शकता, पुन्हा तपासलं जाईल. मी पेन शोधायला लागलो. तेवढ्यात तू निथळत आलास. उजवा हात वर केलास. आणि अख्ख्या आयुष्यातलं तुझं सर्वांत लांब इंग्रजी वाक्य म्हणालास.

"वन हँड, मॅडम. यू करेक्ट. ही नो करेक्ट."

बाईंनी तुझ्याशी हात मिळवला. मी मात्र जागेवर जळून कोळसा झालो.

बाहेर पायऱ्यांवर आपण बसलो. तू टॉवेल डोक्यावर घेऊन. मी तुला काय काय नाही म्हणालो. "समुद्र ओलांडून आलो बे आपण! अन तू सोताच सांगतो? काऊन? कोण विचारत होतं तुले?" तू टॉवेलाने तोंड पुसलंस. मग म्हणालास, "शेठ, मले भिंत दिसलीच नाई. दम तुटला होता. डोळ्यासमोर काळं आलतं. अन मले आपला पाइप दिसला."

"कोणता पाइप?"

"विहिरीतला. मोटारीचा. मी थो धरला बे."

मी काही बोललो नाही. बोललो नाही याची नोंद घे, कारण असं पुन्हा फार वेळा झालं नाही. दुकानातल्या गोष्टीत हे मी कधी घातलं नाही. त्यात हसायची जागा नव्हती आणि हसायच्या जागा सोडून मला काही सांगता येत नाही. पण तेव्हापासून त्या पाइपाकडे मला नीट बघवत नाही. जिथे तुझा हात तीस वर्षं पडत होता तिथला रंग उडून लोखंड चकचकीत झालं आहे.

माझा राग गावात परतेपर्यंत टिकला आणि गावात परतल्यावर त्याची गोष्ट झाली. मी म्हणायचो दोन हात लागले, तू म्हणायचास एक. गल्ल्यावरच्या लाकडी फळीवर आपण हात आपटून दाखवायचो. "हा असा आला उजवा, अन हा मागून डावा." "नाई बे, डावा पाण्यातच होता." "मी पाह्यला!" "तुझा चष्मा हॉटेलात होता!" "मले लांबचं चांगलं दिसते!" "मंग मापताना कापड नाकाले काऊन लावतो?" एकदा एका मास्तरांनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. म्हणाले, शेठ, ज्याचे हात होते तोच सांगून राह्यला, तर तुम्ही कायले भांडता? मी म्हणालो, मास्तर, त्याला आपल्या हातांचं काय कळते, तो तर पाण्याखाली होता! तू उठून चहा सांगायला गेलास. तो दिवस मी जिंकलो होतो.

तू मलाही एकदा पाण्यात उतरवलंस. कोलंबोनंतरच्या उन्हाळ्यात. "एकदा उतर, शेठ. पाणी काही गिऱ्हाईक नाई, पळून नाई जात." पाठीवर तेलाचा रिकामा डबा बांधून, धोतर वर खोचून, आरडाओरडा करत मी कमरेइतक्या पाण्यापर्यंत गेलो आणि पाइपाला जी मिठी मारली ती सोडेना. तू पायरीवर बसून टाळ्या वाजवत होतास. "वा! दोन्ही हात! हा असा टच पाह्यजे होता कोलंबोले!" मला वर काढायला तुला तुझ्या बायकोला, मंदावहिनींना आवाज द्यावा लागला. त्यांनी मला त्या अवस्थेत बघितलं, पदर तोंडाला लावला, आणि चहा करायला निघून गेल्या. पोहणं मला शिकवायचं राहिलं ते राहिलंच. दरवर्षी तू म्हणायचास, "या उन्हाळ्यात." दरवर्षी मी म्हणायचो, "आधी कबूल कर, दोन हात." तू पोहणं देऊ केलंस आणि मी त्याच्या बदल्यात पदक मागत राहिलो.

आता परवाकडे येतो.

लोकांनी विश्वास ठेवला इथवर मी आलो होतो. मला वाटलं, चला, तेरवी आहे, उद्या विसरतील. तेवढ्यात सरपंच उठले. म्हणाले, गजाननभाऊची आठवण राहिली पाहिजे, बसस्टँडवर मोठा फ्लेक्स लावू, 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेते'. जावयाने खिशातून मोबाइल काढला, वर्ध्याच्या फ्लेक्सवाल्याचा नंबर लावायला लागला. कोणी म्हणालं, फोटो पोहतानाचा टाका. कोणी म्हणालं, शाळेच्या भिंतीवरही एक पाटी बसवा, दगडाची, कायमची.

दगडाची. कायमची. माझ्या तोंडून पडलेलं खोटं, ज्याच्या अंगावर पडलं तो जागेवर नाही, आणि ते दगडावर जाणार.

"थांबा," मी म्हणालो. "तो पहिला नाही आला."

कोणाला कळेना.

"तिसरा आला होता. आणि तोही बाद केला. एकच हात लागला भिंतीला."

जावयाने फोन खाली घेतला. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "शेठ, मेल्यावर तरी माणसाले पह्यलं येऊ द्या!" आणि सगळ्यांचं तेच मत पडलं, गज्या. जिथे तिथे माझ्याविरुद्ध. "इतके वर्षं तुम्हीच तं सांगत होते, शेठ." "आता काऊन फिरले?" "दोस्त होता ना तुमचा?" एक जण हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, "पदराले खार लागन म्हणून भेव वाटून राह्यलं असन, फ्लेक्सची वर्गणी मागतीन म्हणून." मी सांगून सांगून दमलो. मी म्हणत होतो, अहो, मी तेव्हा सांगायचो कारण तो बाजूला बसायचा, नाही म्हणायला. आता नाही कोण म्हणणार? पण हे बोलून दाखवलं की किती वेड्यासारखं ऐकू येतं! सगळं गाव तुला सोन्याचं करायला निघालेलं, आणि तुला खाली ओढणारा एकटा मी. तुझी बाजू घेतली तर तुझाच वैरी ठरलो. तू रोज ही बाजू कशी घेत होतास रे, आणि वर लोक तुझ्यावर हसत होते, तरी?

तेव्हा मंदावहिनी आतून आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"शेठ खरं सांगून राह्यले," त्या म्हणाल्या. "हे लंकेतून आले तं बॅगही खाली ठेवली नोती, आन मले म्हणे, बाद झालो. अन हासून राह्यले. मी म्हटलं, इतके दूर गेले, बाद झाले, अन हासता काऊन? तं म्हणे, आता शेठ जलमभर भांडन माह्यासंगं. दोन हात म्हणून म्हणून डोकं खाईन माहं. मजा येईन म्हणे."

बोलून त्या आत गेल्या. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. सरपंचांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मंग काय लिहाचं, शेठ?"

मी सांगितलं ते त्यांनी लिहिलं. काल फ्लेक्स लागला. तुझा आधार कार्डावरचा फोटो आहे, चोरासारखा दिसतोस. खाली तुझं नाव, गाव, आणि 'पन्नास मीटर बटरफ्लाय, कोलंबो'. पुढे काही नाही. बसमधून उतरणारे लोक वाचतात आणि एकमेकांना विचारतात, कितवा आला? कोणाला माहीत नसतं. एक जण दुकानात येऊन विचारूनही गेला. मी म्हणालो, बाद. तो म्हणाला, बरं, आणि टॉवेल दाखवा. संपली गोष्ट. तुझ्याशिवाय ती एवढीच उरते, एका टॉवेलाची.

मी रागावलो आहे तुझ्यावर. मी जन्मभर भांडेन असं म्हणालास, पण कोणाच्या जन्मभर ते बोलायचं राहिलं. मला वाटायचं माझ्या. माझं तर अजून बरंच शिल्लक दिसतंय. सकाळी शटर उघडतो, स्टूल बाहेर काढतो, पुन्हा आत ठेवतो, कारण त्यावर गिऱ्हाईक बसलं की मला राग येतो. कोणी काही विचारलं की खरं सांगतो. खरं सांगून झालं की पुढे काय करायचं हे मला कोणी शिकवलेलंच नाही. आणि तरी, मजा येईल म्हणालास ना, आली. खूप आली, गज्या. आमच्या घरात चार पिढ्या कापड मापलं गेलं. त्यात लंका, पंचबाई आणि पंख फुटलेला माणूस कुठून यायचा होता? ते तू आणून दिलंस, आणि मी कितीही नासवलं तरी रोज येऊन सरळ करून दिलंस.

परवा मी साऱ्या गावासमोर एक हात म्हणालो. ते गावासाठी होतं, दगडासाठी होतं. आता इथे कोणी नाही, आपण दोघंच आहोत. म्हणून सांगतो, नीट ऐक. दोन लागले होते. डावा उशिरा आला, पण आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

हं. बोल आता.